वेगवेगळ्या आकारांची पाळीव कासवे एकत्र ठेवणे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही प्रश्नोत्तरे मुख्यतः गोड्या पाण्यातील पाळीव कासवांविषयी आहेत. त्यांपैकी सर्वाधिक पाळले जाणारे कासव म्हणजे रेड-इअर्ड स्लायडर. अंड्यातून बाहेर पडते तेव्हा ते जेमतेम ३ सेंटिमीटर लांबीचे असते, आणि पूर्ण वाढलेली मादी २५ ते ३० सेंटिमीटरपर्यंत पोहोचते. एकत्र ठेवण्याविषयीच्या बहुतेक अडचणींचे मूळ या प्रचंड वाढीत आहे.

लहान आणि मोठे कासव एकाच टाकीत ठेवता येते का?

आकारात ठळक फरक असेल तर ठेवू नये. काही घरांमध्ये अशी जोडी वर्षानुवर्षे सुखरूप राहिलेली दिसते, हे खरे आहे. पण त्या जोडीला मिळालेली जागा, कासवांची जात, त्यांचे लिंग आणि देखरेख यांचा विचार न करता तिचे अनुकरण केले, तर त्याची किंमत लहान कासवाला मोजावी लागते. तुटलेली शेपटी पुन्हा येत नाही आणि गेलेला डोळाही परत मिळत नाही. त्यामुळे दोन टाक्या हीच मूळ व्यवस्था मानावी, आणि एकत्र ठेवणे हा विशेष परिस्थितीत, पूर्ण तयारीनिशी करायचा अपवाद समजावा.

किती फरक चालतो आणि तो मोजावा कसा?

पाठीच्या कवचाची लांबी मापावी, आणि तीही कवचाच्या फुगीर भागावरून टेप फिरवून नव्हे, तर पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंत सरळ रेषेत. दोन सपाट ठोकळ्यांच्या मध्ये कासव धरून ठोकळ्यांमधले अंतर मोजले तरी पुरते. लहान कासवाची लांबी मोठ्याच्या लांबीच्या किमान तीन-चतुर्थांश असावी, हा एक उपयुक्त ठोकताळा आहे. म्हणजे मोठे कासव १६ सेंटिमीटरचे असेल, तर दुसरे निदान १२ सेंटिमीटरचे हवे. हा ठोकताळा केवळ चर्चा सुरू करण्यापुरता आहे. त्यात बसणारी दोन कासवेही एकमेकांशी भांडू शकतात.

पिल्लांच्या बाबतीत मात्र मी यापेक्षा कडक नियम पाळावा असे म्हणेन. कवच ८ ते १० सेंटिमीटरचे होईपर्यंत पिल्लू कोणत्याही मोठ्या कासवासोबत ठेवू नये. या वयात त्याचे कवच अजून पुरेसे कठीण झालेले नसते, आणि त्याचे डोके, पाय व शेपटी हे सगळेच मोठ्या कासवाच्या एका घासात मावणारे असते.

आमचे मोठे कासव अतिशय शांत आहे. ते कुणाला चावत नाही. तरीही धोका आहे का?

आहे, कारण बहुतेक गंभीर चावे रागातून होत नाहीत, तर खाण्याच्या घाईतून होतात. पाण्यात हलणारी लहान वस्तू दिसली की तिच्यावर झडप घालायची, हा या कासवांचा जन्मजात स्वभाव आहे. खाद्य टाकल्यावर ती अधिकच उतावीळ होतात. त्या क्षणी समोर लहान कासवाची शेपटी किंवा पंजा वळवळला, तर तो खाद्य समजून पकडला जातो. चावणाऱ्याचा त्यामागे कोणताही हेतू नसतो. म्हणून वर्षभर शांत राहिलेले कासवही एका संध्याकाळी दुसऱ्याचे बोट तोडू शकते.

दुसरी गोष्ट चाव्याशिवाय घडते. निसर्गात लहान कासवाला मोठ्यापासून दूर जाण्यासाठी अख्खे तळे किंवा नदीचा काठ असतो. टाकीत ते दूर जाऊच शकत नाही. मोठे कासव काहीही न करता नुसते कट्ट्यावर, म्हणजे ऊब घेण्यासाठी दिव्याखाली ठेवलेल्या कोरड्या जागेवर, बसून राहिले, तरी लहान कासव तिकडे फिरकत नाही, एका कोपऱ्यात थांबते आणि उरलेसुरले खाते. बाहेरून पाहणाऱ्याला यात संपूर्ण शांतता दिसते. प्रत्यक्षात लहान कासवाला ऊब, प्रकाश आणि अन्न या तिन्ही गोष्टी अपुऱ्या मिळत असतात, आणि त्याचा परिणाम काही महिन्यांनी मऊ पडलेल्या कवचात किंवा खुंटलेल्या वाढीत दिसतो. भांडण दिसत नाही म्हणजे सर्व ठीक आहे, असा निष्कर्ष यासाठीच काढू नये.

एकाच वेळी, एकाच आकाराची दोन पिल्ले आणली होती. आता एक दुप्पट झाले आहे. असे का होते?

हे अगदी नेहमी घडते. सुरुवातीला दोघांमधला फरक नगण्य असतो. त्यातले एक थोडे अधिक धीट असते, म्हणून खाद्याकडे आधी पोहोचते आणि दिव्याखालची चांगली जागा घेते. ऊब जास्त मिळाल्याने त्याचे पचन चांगले होते आणि भूक वाढते. त्यामुळे ते आणखी वाढते, आणि आकार वाढल्यामुळे पुढच्या वेळी दुसऱ्याला बाजूला सारणे त्याला अधिक सोपे जाते. हा फरक आपोआप भरून येईल अशी वाट पाहत बसणे चुकीचे आहे, कारण ज्या कारणाने तो पडला तेच कारण त्याला रोज वाढवत असते. दर आठवड्याला दोघांचे वजन ग्रॅममध्ये मोजून लिहून ठेवावे, आणि एकाचे वजन वाढत असताना दुसऱ्याचे सलग काही आठवडे थांबले असेल, तर त्यांना ताबडतोब वेगळे करावे.

वेगळे केल्यावरही लहान पिल्लू खात नसेल, तर कारण आजार असू शकते, आणि मग पशुवैद्याकडे जाण्यात विलंब करू नये. फरकाचे आणखी एक कारण लिंग असू शकते.

नर आणि मादी यांच्या आकारात फरक असतोच ना? मग ती जोडी चालेल का?

रेड-इअर्ड स्लायडरमध्ये नर साधारण १५ ते २० सेंटिमीटरवर थांबतो आणि मादी त्याहून बरीच मोठी होते. मॅप टर्टलच्या अनेक जातींत तर मादी नराच्या दुप्पट लांबीची असते. नराच्या पुढच्या पायांची नखे लांब असतात, शेपटी जाड व लांब असते आणि शेपटीवरचे छिद्र कवचाच्या कडेच्या बाहेर येते. ही लक्षणे कवच सुमारे १० सेंटिमीटरचे झाल्यावर स्पष्ट होऊ लागतात. त्याआधी पिल्लू नर आहे की मादी, हे नुसते पाहून खात्रीने सांगता येत नाही. या कासवांचे लिंग अंडी उबताना मिळालेल्या तापमानावरून ठरते: कमी तापमानात नर, अधिक तापमानात मादी.

मादी मोठी आहे म्हणून ती सुरक्षित आहे, असे समजण्याची चूक सर्रास होते. वयात आलेला नर मादीच्या तोंडासमोर नखे थरथरवतो, तिच्या मागे सतत फिरतो, मान व पाय चावतो आणि तिला पाण्याखाली दाबून ठेवतो. तळ्यात ती निघून जाऊ शकते. टाकीत हा छळ दिवसभर चालतो. मादी लहान आणि नर मोठा असेल, तर ती बुडून मरण्याचा धोका असतो. नरालाही धोका आहे, आणि तो फारसा कुणी सांगत नाही. नराचे जननेंद्रिय बाहेर आले असताना टाकीतल्या दुसऱ्या कासवाला ते खाद्यासारखे दिसते आणि ते त्याचा चावा घेते. ही तातडीने उपचार करण्याची अवस्था असते.

मादीला अंडी घालण्यासाठी ओलसर मातीची शांत जागा लागते. नर नसला तरी ती निर्जीव अंडी घालू शकते, आणि सततच्या त्रासामुळे किंवा योग्य जागा न मिळाल्यामुळे अंडी पोटात अडकली, तर तिच्या जीवावर बेतते. पिल्ले नको असतील तर नर आणि मादी वेगळे ठेवावेत, हे उत्तम. मिलनानंतर मादी शुक्राणू दीर्घकाळ साठवू शकते, त्यामुळे वेगळे केल्यानंतरही काही काळ सजीव अंडी मिळू शकतात.

दोन नर एकत्र ठेवणे हा यापेक्षाही वाईट पर्याय आहे.

एकटे कासव एकाकी होणार नाही का?

कासवाला आपल्यासारख्या सोबतीची गरज नसते. तळ्याकाठी एकाच ओंडक्यावर अनेक कासवे बसलेली दिसतात, ती त्या जागेवर ऊन चांगले येते म्हणून. ऊन उतरले की प्रत्येक जण आपल्या वाटेने जाते. अंड्यातून बाहेर आल्यापासून पिल्लाला आईचा सहवास मिळालेला नसतो. म्हणून "सोबत हवी" या भावनेतून दुसरे, आणि त्यातही लहान, कासव आणू नये. पहिल्या कासवासाठी काही करायची इच्छा असेल, तर त्याला मोठी टाकी, खोल पाणी आणि चांगला दिवा द्यावा. त्याच्या रोजच्या जगण्यात याने खरोखर फरक पडतो.

वेगवेगळ्या जातींची कासवे आकाराने सारखी असतील तर चालेल का?

जात पाहावीच लागते. स्नॅपिंग टर्टलला कोणत्याही आकारात कुणाहीसोबत ठेवू नये. मऊ पाठीच्या कासवाचे कवच कातडीने झाकलेले असल्याने त्याला जखमा सहज होतात आणि ते स्वतःही जोरात चावते, म्हणून त्यालाही एकटेच ठेवावे. मस्क टर्टल पूर्ण वाढूनही ८ ते १३ सेंटिमीटरचेच राहते. आज तुमच्या लहान स्लायडरएवढे असलेले हे कासव दोन-तीन वर्षांनी त्याच्या शेजारी फारच लहान ठरेल. त्यामुळे आजचा आकार पाहू नये, दोघांचा प्रौढ आकार काय होणार आहे तो पाहावा. स्लायडर, कूटर आणि पेंटेड टर्टल यांच्या गरजा एकमेकींशी बऱ्याच जुळतात, आणि पुरेशी जागा असेल तर यांच्या सारख्या आकाराच्या माद्या एकत्र राहू शकतात.

सारख्या आकाराची कासवे एकत्र ठेवायची असतील तर टाकी केवढी हवी?

कवचाच्या दर सेंटिमीटरमागे सुमारे १५ लिटर पाणी, हा प्रचलित हिशेब आहे. १० सेंटिमीटरच्या एका कासवाला १५० लिटर. दुसऱ्या कासवासाठी याच्या निम्मे वाढवावे असे सांगितले जाते, पण मला तो हिशेब अपुरा वाटतो. दुसऱ्यासाठीही पूर्ण माप धरावे. १८ आणि १५ सेंटिमीटरच्या दोन माद्यांसाठी २७० आणि २२५ मिळून ४९५ लिटर होतात. हा आकडा ऐकून अनेकांना दोन स्वतंत्र टाक्याच परवडतील असे वाटते, आणि ते योग्यच आहे.

नुसत्या लिटरांवर समाधान मानू नये. उंच आणि अरुंद टाकीपेक्षा लांब टाकी चांगली, कारण पळायला लांबी लागते. मध्ये नजर अडवणारे ओंडके किंवा झाडे असावीत, पण कासव अडकून बुडेल अशी फट कुठेही नसावी. पाण्याची खोली कासवाच्या कवचाच्या रुंदीपेक्षा जास्त हवी, म्हणजे उलटे पडल्यास त्याला सरळ होता येते. फिल्टर टाकीतील पाण्याच्या किमान दुप्पट क्षमतेचा घ्यावा, कारण कासवांची घाण माशांपेक्षा पुष्कळ असते. त्याच्या पाणी ओढणाऱ्या तोंडावर स्पंज बसवावा, नाहीतर लहान कासवाचा पाय त्यात ओढला जातो. काचेच्या हीटरभोवती जाळी असावी. मोठे कासव तो सहज फोडते.

लहान कासव मोठ्याच्या पाठीवर, किंवा मोठे लहानाच्या पाठीवर चढून बसते. ते प्रेम आहे का?

ते प्रेम नाही. कट्टा एकच असला की जागेसाठी असे होते. लहान कासव वर असेल तर फारसे नुकसान नाही, पण मोठे वर असेल तर खालच्याला प्रकाश मिळत नाही. कासवाला ड जीवनसत्त्व तयार करण्यासाठी यूव्हीबी, म्हणजे उन्हात असणारे एक प्रकारचे अतिनील किरण लागतात. ते न मिळाल्यास अन्नातले कॅल्शियम हाडांत आणि कवचात बसत नाही, आणि ती मऊ व वाकडी होतात. प्रत्येक कासवासाठी एक, असे स्वतंत्र कट्टे असावेत, आणि प्रत्येकावर ३० ते ३५ अंश सेल्सिअसची ऊब व यूव्हीबी दिवा हवा. खिडकीच्या काचेतून आलेले ऊन यासाठी चालत नाही, कारण काच हे किरण अडवते. दिवा पेटत असला तरी त्यातले यूव्हीबी हळूहळू कमी होते. तो ६ ते १२ महिन्यांनी बदलावा.

दोघांना एकच खाद्य दिले तर काय बिघडते?

दोघांचेही बिघडते. पिल्लू बहुतांशी मांसाहारी असते आणि त्याला रोज खायला लागते. प्रौढ स्लायडर मुख्यतः वनस्पती खाते आणि त्याला खाद्याच्या तयार गोळ्या दोन-तीन दिवसांतून एकदा पुरतात. एका टाकीत पिल्लासाठी टाकलेले प्रथिनयुक्त खाद्य मोठे कासव आधी संपवते, त्यामुळे त्याला चरबी व यकृताचे विकार होतात, तर ज्याला वाढीसाठी ते हवे होते ते उपाशी राहते. एकत्र राहणाऱ्या सारख्या आकाराच्या कासवांनाही वेगवेगळ्या भांड्यांत नेऊन खाऊ घालावे. यामुळे कोण किती खाते हे समजते आणि घाईतले चावे टळतात. खाणे झाल्यावर लगेच एकत्र सोडू नये. त्यांची खाण्याची उत्तेजना ओसरेपर्यंत थांबावे.

लहान कासवाला त्रास होत आहे हे कसे ओळखावे?

दुसरे कासव जवळ आले की ते कट्ट्यावरून पाण्यात उडी घेते, किंवा दुसरे झोपल्यावरच वर येते. ते हीटरच्या मागे किंवा कोपऱ्यात तासन् तास थांबते. खाद्य टाकल्यावर पुढे येत नाही. शेपटीच्या टोकावर, मागच्या पायांवर किंवा मानेच्या कातडीवर लालसर खुणा दिसतात, आणि नखे कमी झालेली असतात. मोठे कासव तोंड उघडून त्याच्याकडे झेपावत असेल, प्रत्यक्ष चावा न घेतादेखील, तर तीच वेगळे करण्याची वेळ आहे. रक्त दिसण्याची वाट पाहू नये.

चावा झालाच तर काय करावे?

सर्वप्रथम दोघांना वेगळे करावे आणि पुन्हा एकत्र आणू नये. जखमेवर स्वच्छ कापड धरून रक्त थांबवावे. पोव्हिडोन आयोडीन पाण्यात मिसळून फिक्या चहाच्या रंगाचे करावे आणि त्याने जखम हलकेच धुवावी. त्यानंतर कासवाला स्वच्छ, उबदार व कोरड्या डब्यात ठेवावे आणि पाणी पिण्या-खाण्यासाठी दिवसातून थोडा वेळच पाण्यात सोडावे. हाड दिसत असेल, कवच तडकले असेल किंवा डोळ्याला इजा असेल, तर त्याच दिवशी सरीसृपांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे न्यावे. घरात इतर प्राण्यांसाठी आणलेली औषधे स्वतःच्या मनाने देऊ नयेत. विशेषतः आयव्हरमेक्टिन हे कुत्र्या-गुरांना दिले जाणारे जंतनाशक कासवासाठी प्राणघातक ठरते.

नवे कासव आणल्यावर ते किती दिवस वेगळे ठेवावे?

किमान दोन महिने, आणि शक्य असल्यास तीन. निरोगी दिसणारे कासवही जंत, श्वसनाचे संसर्ग किंवा आमांशाचे एकपेशीय जीव बाळगून असू शकते. या काळात टाकी, जाळी, पाणी बदलण्याची नळी, सगळे वेगळे वापरावे आणि विष्ठा तपासून घ्यावी. नंतर एकत्र करायचे झाल्यास दोघांनाही आधी खाऊ घालावे, टाकीतली मांडणी बदलून टाकावी म्हणजे जुन्या कासवाचा तिच्यावरचा हक्क थोडा सैल होतो, आणि दिवसा, समोर बसून, थोड्या वेळासाठीच सोडावे. पहिले काही आठवडे रात्री वेगळेच ठेवावे.

टाकीच्या मधोमध जाळी किंवा पार्टिशन घालून चालेल का?

तात्पुरती सोय म्हणून चालेल. पार्टिशन अपारदर्शक असावे, कारण पारदर्शक असल्यास मोठे कासव त्यावर धडका देत राहते आणि लहानाला ते सतत समोर दिसते. ते वरपर्यंत उंच आणि घट्ट बसलेले हवे. कासवे चढण्यात वाटते त्यापेक्षा तरबेज असतात. दोन्ही बाजूंना कट्टा, ऊब व यूव्हीबी दिवा लागतोच. पाणी मात्र एकच राहते, म्हणून आजारी कासवासाठी हा उपाय निरुपयोगी आहे.

जमिनीवरच्या कासवांनाही हेच लागू आहे का?

बुडण्याचा धोका वगळता बरेचसे लागू आहे. मोठा नर लहान कासवाला कवचाने ढकलून उलटे पाडतो, आणि उलटे पडलेले कासव दिव्याखाली किंवा उन्हात अडकले तर तापून मरू शकते. वेगवेगळ्या जाती एकत्र ठेवण्याचे तर टाळावेच, कारण एका जातीला फारसा त्रास न देणारा हर्पिस विषाणू दुसऱ्या जातीसाठी घातक ठरू शकतो.

घरात लहान मुले आहेत. काही काळजी घ्यावी का?

कासवांच्या अंगावर आणि पाण्यात सॅल्मोनेला जिवाणू असू शकतो. याच कारणासाठी अमेरिकेत १९७५ पासून ४ इंचांपेक्षा लहान कवचाच्या कासवांच्या विक्रीवर बंदी आहे, कारण मुले छोटी कासवे हाताळून तोंडात बोटे घालत. कासव किंवा पाणी हाताळल्यावर साबणाने हात धुवावेत आणि टाकीचे साहित्य स्वयंपाकाच्या ओट्यावर धुऊ नये. पाच वर्षांखालील मुलांनी कासवाला हात न लावणेच बरे.

दुसरी टाकी ठेवणे अजिबात शक्य नसेल तर?

मग दोघांपैकी एकासाठी दुसरे घर शोधावे. हे कठीण वाटते, पण ही कासवे २० ते ४० वर्षे जगू शकतात, आणि तेवढा काळ एकाला कोपऱ्यात दबून राहायला लावणे अधिक क्रूर आहे. सरीसृपांवर उपचार करणारे पशुवैद्य किंवा प्राणी-निवारा केंद्रे यांच्याकडे विचारणा करावी, आणि घेणाऱ्याकडे टाकी व दिवे आधीपासून आहेत याची खात्री करावी. तोपर्यंत लहान कासव प्लॅस्टिकच्या मोठ्या टबमध्ये ठेवता येते. त्यात कट्टा, दिवा आणि फिल्टर बसवला की काचेची टाकी असण्याची गरज उरत नाही, आणि खर्चही बराच कमी होतो.

तळ्यात किंवा नदीत मात्र सोडू नये. पाळीव कासव तिथे उपासमारीने किंवा थंडीने मरू शकते, आणि जगले तर स्थानिक कासवांचे अन्न व ऊन खाण्याच्या जागा बळकावते. रेड-इअर्ड स्लायडरची जात जगातील सर्वांत उपद्रवी १०० आक्रमक प्रजातींच्या यादीत नोंदली गेली आहे, आणि हा प्रसार मुख्यतः वाढलेली कासवे पाण्यात सोडून देणाऱ्या पालकांमुळे झाला आहे.